आधी रस्ता बघा, मग समुद्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पर्यटन पुरवणीत वाळवंटी किनाऱ्यावर गाडी घालून कॅम्पिंग आणि डायव्हिंग करण्यावर जो लेख आला तो वाचला. फोटो एक नंबर, आणि असल्या विषयावर मराठीत कोणीतरी लिहितंय याचं बरं वाटलं हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं पत्र नुसती कुरकुर वाटेल. पण लेखात गाडीची एक चौकट दिलीय आणि डायव्हिंगची दुसरी, म्हणजे जणू दोन वेगळ्या ट्रिपा आहेत, दिवसा इकडची चौकट वाचायची आणि संध्याकाळी तिकडची. माझं म्हणणं हेच आहे की तिथे या दोन गोष्टी सुट्या काढताच येत नाहीत. किती खोल जायचं, दिवसाला किती डायव्ह, शेवटची डायव्ह कुठल्या दिवशी, हे सगळं रस्ता ठरवतो. रिसॉर्टच्या बोटीवरून उडी मारणारा आणि शेवटच्या डांबरी रस्त्यापासून ऐंशी किलोमीटर आत तंबू ठोकून बसलेला, दोघांच्या मनगटावरचा डायव्ह कम्प्युटर (खोली आणि वेळेवरून अजून किती मिनिटं खाली राहता येईल ते सांगणारं यंत्र) एकच आकडा दाखवेल, पण दुसऱ्याने तो आकडा शेवटपर्यंत ताणायचा नसतो.

पहिलं डोंगराचं घ्या, कारण हे लेखात अजिबात नाहीये आणि गंमत म्हणजे बऱ्याच अनुभवी लोकांच्या डोक्यातही नसतं. विमानाचं सगळ्यांना पाठ असतं, एकच डायव्ह केली असेल तर निदान १२ तास आणि रोज दोन-तीन अशा सलग काही दिवस केल्या असतील तर निदान १८ तास उडायचं नाही, डिकम्प्रेशनचे थांबे, म्हणजे वर येताना मध्येच ठरावीक खोलीवर थांबणं, घ्यावे लागले असतील तर त्याहून बरंच जास्त. कारण साधं आहे, समुद्रात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो, त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन अंगात विरघळून बसतो, वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडत असतो आणि तेवढ्यात बाहेरचा दाब आणखी कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. आता शरीराला विमान कळत नाही हो, दाब कळतो. ही १२-१८ तासांची शिफारस ६०० मीटर उंचीपासूनच धरलेली आहे, आणि लाल समुद्राच्या दोन्ही बाजूंना पाठीमागे डोंगर उभाच आहे.

सौदीत जेद्दाहला सकाळी डायव्ह मारली आणि दुपारी गार हवा खायला ताइफला निघालात तर दोन-तीन तासांत तुम्ही समुद्रसपाटीवरून अठराशे मीटरच्या आसपास पोचता, घाटाच्या रस्त्याने, एसी लावून, गाणी ऐकत. इजिप्तच्या सिनाईमध्ये तर हा प्रकार अगदी ठरलेला आहे, दहाबला दिवसभर डायव्हिंग, रात्री गाडीने सेंट कॅथरिनचा मठ आणि तिथून अंधारात चढून माउंट सिनाईवर सूर्योदय. मठच साधारण दीड हजार मीटरवर आहे, शिखर २२८५ मीटर. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेएवढा ठेवलेला असतो, म्हणजे शिखरावर पोचलेला माणूस एका अर्थी विमानातच बसलाय, वर चढून दमलाय तो वेगळा. त्यामुळे नकाशा उघडला की हॉटेल आणि रीफच्या (प्रवाळाच्या रांगेच्या) आधी उंचीच्या रेषा बघा. परतीचा रस्ता घाटातून जात असेल तर शेवटचा अख्खा दिवस कोरडा ठेवायचा, त्या दिवशी स्नॉर्केल लावा, फोटो काढा, पण टाकी पाठीला नाही. आणि डोंगर बघायचाच असेल तर तो ट्रिपच्या सुरुवातीला बघा, वरून खाली येऊन पाण्यात उतरायला या बाबतीत काही अडचण नसते.

दुसरी गोष्ट ऑक्सिजनची. लेखात 'ऑक्सिजन किट सोबत ठेवा' असं एक वाक्य आहे आणि ते बरोबरच आहे, पण किती ठेवा? बेंड्सचा, म्हणजे वर सांगितलेल्या नायट्रोजनच्या बुडबुड्यांनी होणाऱ्या आजाराचा, संशय आला की पहिला उपचार म्हणजे शंभर टक्के ऑक्सिजन, साध्या मास्कने देताना मिनिटाला १५ लिटर धरतात. छोट्या सिलिंडरमध्ये ४०० लिटरच्या आसपास ऑक्सिजन मावतो. करा भागाकार, अर्धा तास पण निघत नाही. आता समजा रिकम्प्रेशन चेंबर (माणसाला परत दाबाखाली ठेवून बेंड्सवर उपचार करायची बंद खोली) असलेलं हॉस्पिटल चार तासांवर आहे, म्हणजे ३६०० लिटर पाहिजे, तसली नऊ सिलिंडरं. नऊ कोणी नेत नाही हे मलाही कळतं, म्हणून मोठं सिलिंडर आणि डिमांड व्हॉल्व्हवाला मास्क घ्यायचा, त्यात श्वास घेतला तेवढाच ऑक्सिजन जातो, वाया जात नाही. तरीसुद्धा हिशोब हाच राहतो, गाडीत जेवढ्या तासांचा ऑक्सिजन आहे तेवढ्या तासांच्या आत जर चेंबर नसेल तर डायव्ह उथळ ठेवायच्या. माझ्या मते १८-२० मीटरच्या आत, कम्प्युटरने दिलेली वेळेची लिमिट गाठायच्या बऱ्याच आधी वर, आणि दिवसाला दोनच. कोणाला हे भित्रेपणाचं वाटेल तर वाटू दे, तसंही वाळवंटी किनाऱ्यावरच्या रीफची खरी मजा वरच्या पंधरा मीटरमध्येच आहे, उजेड तिथे, रंग तिथे, मासे तिथे.

आणि चेंबरचं अंतर नकाशावर मोजून भागत नाही. यादीत नाव असलेला चेंबर चालू असेलच असं नाही, चालू असला तरी डायव्हर घेतीलच असं नाही, रात्री माणूस असेलच असं नाही. निघायच्या आधी फोन करून विचारायचं, आणि डायव्हिंगच्या अपघातांसाठी डॅनसारख्या (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) संस्थेची चोवीस तासांची हेल्पलाइन असते तो नंबर प्रत्येक गाडीत कागदावर लिहून ठेवायचा, मोबाईलमध्ये नाही. इन्शुरन्स काढताना पॉलिसी नीट वाचा, डायव्हिंग कव्हर असतं पण रस्ता सोडून गेलेल्या गाडीतून उचलून आणायचा खर्च त्यात नसतो असंही होतं.

बेंड्सबद्दल आणखी एक, कारण हे फक्त अशाच ट्रिपला लागू आहे. बोटीवर कोणाचा खांदा दुखायला लागला तर सगळे सावध होतात. इथे काय होतं, सकाळपासून गाडीने हाडं खिळखिळी केलेली असतात, टाक्या उचलून खांदे भरून आलेले असतात, रात्री खडबडीत जमिनीवर झोपलेलो असतो, मग डायव्हनंतर खांदा दुखला, बोटांना मुंग्या आल्या की माणूस म्हणतो अरे ते गाडीमुळे. थकवा? उन्हामुळे. अंगावर चट्टे? वेटसूट घासला असेल. प्रत्येक लक्षणाला तिथे एक सोयीचं उत्तर हजर असतं. म्हणून ग्रुपमध्ये निघायच्या आधीच नियम करून टाकावा की डायव्हनंतर काहीही दुखलं तर आधी ऑक्सिजन आणि फोन, वाद नंतर. ऑक्सिजन लावल्यावर बरं वाटलं तरी डॉक्टरशी बोलणं टाळायचं नाही, बरं वाटतं आणि परत उलटतं.

आता वाळू. टायरमधली हवा कमी करायची हे लेखात आलंय, आकडा नाही आलेला. डांबरावर पस्तीसच्या आसपास पीएसआय असेल तर मऊ वाळूत १५ ते १८ वर आणतात, अगदीच रुतली तर अजून थोडी कमी, पण १२च्या खाली गेलात आणि स्टिअरिंग जोरात वळवलं की टायर रिमवरून निसटतो. डांबरावर परत आलं की पहिलं काम हवा भरणं, नाहीतर मऊ टायर वेगात तापून फुटतो, त्यामुळे बारा व्होल्टचा पंप हवाच. फावडं, सँड ट्रॅक (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या पट्ट्या), ओढायचा दोर, दोन गाड्या कमीत कमी. आणि दोर गाडीच्या चॅसिसला असलेल्या रिकव्हरी पॉइंटलाच लावा, मागच्या टो-बॉलला (ट्रेलर अडकवायच्या गोळ्याला) नाही, तो बॉल ताणाखाली तुटून उडतो आणि त्याने माणसं मेलेली आहेत.

हे सगळं गाडीवाल्यांना माहीत असतं. त्यांना जे माहीत नसतं ते हे, की डायव्हनंतर लगेच जड काम केलं की बेंड्सचा धोका वाढतो. आणि गाडी रुतते कधी? डायव्ह संपवून, ओला सूट काढून, भुकेच्या घाईत कॅम्पकडे निघाल्यावर. मग तीस मीटरवरून वर आलेले चौघे भर दुपारी अर्धा तास फावडं मारतात, ताकद लावून गाडी ढकलतात. म्हणून गाडी डायव्ह साइटवर रुतेल अशा जागी न्यायचीच नाही, घट्ट जमिनीवर उभी करायची आणि टाकी घेऊन सावकाश चालत जायचं, आणि परतीचा ट्रॅक उतरताना बघून ठेवायचा. एवढं करूनही रुतलीच तर सावलीत बसा, पाणी प्या, फावडं ज्याने डायव्ह केली नाही त्याच्या हातात द्या. संध्याकाळपर्यंत गाडी कुठे जात नाही.

सब्खाची गोष्ट वेगळी. किनाऱ्यालगतची खारट सपाट जमीन, अरबस्तानात तिला सब्खा म्हणतात, वरून सिमेंटचा कोबा केल्यासारखी दिसते आणि दुधावरच्या सायीसारखी फाटते, खाली काळा ओला चिखल. तिथे हवा कमी करून उपयोग नाही, सँड ट्रॅक चिखलात गडप होतात, आणि दुसरी गाडी मदतीला जवळ आली तर तीही बसते. ओमानमध्ये मसिरा बेटासमोर बर्र अल हिकमानचा सगळा पट्टा असाच आहे, लाखो पक्षी उतरतात तिथे, बघण्यासारखी जागा आहे पण आधीच्या गाड्यांच्या ताज्या चाकोरीवरूनच जायचं, शॉर्टकट दिसला तरी घ्यायचा नाही. पाऊस पडून गेला असेल किंवा मोठी भरती येऊन गेली असेल तर कालची चाकोरीसुद्धा आज चालत नाही.

भरतीचंही असंच आहे, एका किनाऱ्यावरची सवय दुसऱ्या किनाऱ्यावर गळ्याशी येते. लाल समुद्राच्या मधल्या भागात भरती-ओहोटी जवळपास नसल्यासारखीच, तिथे शिकलेला माणूस मेक्सिकोत बाहा कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात सॅन फेलिपेला गेला तर तिथे मोठ्या भरतीला पाणी सहा मीटरच्या आसपास चढतं. पुरवणीतला तो पाण्याला चाकं लावून उभ्या गाडीचा फोटो छान आहे, पण पाणी चढायला लागलं की चाकाखालची वाळू लाटेबरोबर निघून जाते आणि गाडी जागच्या जागी खाली बसते, आणि नाही बसली तरी खाऱ्या पाण्याने खालून जे गंजायचं ते गंजतंच. कृपया असले फोटो मोठे करून छापू नका, लोक तेच करायला जातात.

हवेचा प्रश्न उरतो, म्हणजे टाकीतल्या हवेचा. चार जणांनी दोन-दोन डायव्ह केल्या की रोज आठ टाक्या, चार दिवसांच्या बत्तीस, एवढ्या कोणी नेऊ शकत नाही, म्हणून पोर्टेबल कम्प्रेसर नेतात. अकरा लिटरची ॲल्युमिनियमची टाकी पूर्ण भरायला सव्वादोन हजार लिटरच्या आसपास हवा लागते, मिनिटाला १०० लिटर देणारा छोटा कम्प्रेसर असला तर एक टाकी वीस-बावीस मिनिटं. थोडी हवा शिल्लक ठेवूनच वर येतो आपण, तरी रोज दोन-अडीच तास ते धूड ढणढण करत चालणार, त्याचं पेट्रोल वेगळं, आवाज वेगळा, शांततेसाठी एवढ्या लांब आलेलो असतो ते वेगळं. पण मुद्दा आवाजाचा नाही, इनटेकचा, म्हणजे कम्प्रेसर हवा आत ओढतो त्या तोंडाचा आहे. इंजिनाचा धूर इनटेकमध्ये गेला की टाकीत कार्बन मोनॉक्साइड जातो, त्याला वास नाही, आणि ३० मीटरवर दाब चौपट असल्यामुळे तो चौपट भारी पडतो. इनटेकचा पाइप लांब घ्या, उंच बांधा, वाऱ्याच्या तोंडाकडे ठेवा, आणि वारा फिरला की उठून पाइप फिरवा, किनाऱ्यावर दुपारी वारा फिरतोच. कोणाची तरी गाडी शेजारी चालू असते एसीसाठी, ती बंद करायला लावा, भांडण झालं तरी चालेल. फिल्टर गरमीत फार लवकर संपतो, पुस्तिकेत लिहिलेले तास थंड हवेतले असतात, चाळीस डिग्रीत त्यावर विश्वास ठेवायचा नाही, सकाळी लवकर किंवा रात्री भरायचं. कार्बन मोनॉक्साइड मोजायचं छोटं यंत्र मिळतं, नवीन कॅमेऱ्याच्या आधी ते घ्या.

पाण्याबद्दल फार लिहीत नाही, माणशी दिवसाला निदान पाच लिटर नुसतं प्यायला, राखीव धरून एकूण दीडपट, आणि एका टाकीत नाही तर वेगवेगळ्या कॅनमध्ये दोन्ही गाड्यांत वाटून. अंगात पाणी कमी असणं डायव्हिंगला बरं नाही, आणि डायव्हिंगमध्ये लघवी जास्त होते, कोरडी हवा श्वासातून पाणी ओढते, त्यात वाळवंट. दुपारी लघवी गडद झाली असेल तर दुसरी डायव्ह रद्द, हा आमच्याकडचा नियम आहे, चावट वाटला तरी उपयोगी आहे. थर्मासमध्ये गरम पाणी ठेवा, चहासाठी पण आणि स्टोनफिश किंवा लायनफिशचा काटा लागला तर पण, ४५ डिग्रीच्या आसपासचं, सोसवेल एवढं गरम पाणी अर्धा ते दीड तास त्या जागेवर ठेवलं की वेदना बऱ्याच उतरतात. तंबू कोणता, जेवण काय, यावर लेखात पानभर आहेच.

सीझन बघा. ओमानचा अरबी समुद्राकडचा किनारा जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मान्सूनच्या तडाख्यात असतो, समुद्र खवळलेला, खालचं थंड पाणी वर आलेलं, त्या थंड पाण्यामुळेच मिरबातजवळ प्रवाळ आणि केल्प (थंड पाण्यातलं मोठं समुद्री शेवाळ) शेजारी शेजारी सापडतात, जगात असं फार कमी ठिकाणी दिसतं, पण बघायला मान्सून उतरल्यावर जायचं. ऑस्ट्रेलियात निंगालूला, जिथे २६० किलोमीटरची रीफ किनाऱ्याला बिलगून आहे आणि कॅम्पवरून चालत जाऊन पाण्यात उतरता येतं, तिथे नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा काळ. आणि कुठेही गेलात तरी कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू टाकू नका, सपाट असतं, वाऱ्याला आडोसा असतो, सावलीपण असते, आणि पाऊस चाळीस किलोमीटर लांब डोंगरात पडतो पण लोंढा तुमच्या तंबूत येतो.

परवान्याचं काम कंटाळवाणं असतं म्हणून लोक टाळतात, पण इजिप्तमध्ये सिनाईत आणि लाल समुद्राच्या किनाऱ्यावर जुन्या युद्धांतले भूसुरुंग अजून आहेत, तारेचं कुंपण गंजलेलं असतं, पाटी पडलेली असते, आणि पुरात सुरुंग जागा सोडून सरकतात. तिथे 'ट्रॅक दिसतोय म्हणजे चालतंय' हे लॉजिक लावायचं नाही, स्थानिक गाइड घ्यायचा. सॅटेलाइट फोन नेणार असाल तर त्या देशात चालतो का ते आधी विचारा, काही ठिकाणी त्यावरूनच अटक करतात.

कासवांचं एक सांगतो मग थांबतो. मसिरा हे लॉगरहेड कासवांच्या जगातल्या सर्वात मोठ्या घरट्यांच्या जागांपैकी एक आहे, ओमानमध्येच रास अल जिन्झला ग्रीन टर्टल येतात. वाळूत अंडी कुठे आहेत ते वरून दिसत नाही, गाडी गेली की ती दबतात, आणि नुकत्याच निघालेल्या पिल्लांना चाकाची चाकोरी म्हणजे भिंत, त्यातून त्यांना समुद्राकडे चढताच येत नाही, तशीच चाकोरीतून धावत राहतात आणि सकाळी खेकडे, पक्षी, ऊन. कॅम्पच्या फ्लडलाइटकडे पण ती वळतात. सीझनमध्ये पुळणीवर गाडी घालूच नये, लाल दिव्याची बॅटरी वापरावी.

तर संपादक साहेब, विनंती अशी आहे की पुढच्या वेळी असा लेख छापताना तंबूची एक जाहिरात कमी घ्या आणि त्या जागेत त्या किनाऱ्यापासून चालू चेंबर किती तासांवर आहे आणि परतीच्या रस्त्यावर सगळ्यात उंच जागा किती मीटरवर आहे, हे दोन आकडे छापा. बाकी सगळं वाचकाला नेटवर सापडतं, हे दोन एकत्र कुठे मिळत नाहीत.

आपला,
एक डायव्हर वाचक

ता. क. – गाडीच्या चावीचं राहिलंच. हल्लीची रिमोटवाली चावी खाऱ्या पाण्यात गेली की संपली, आणि 'वॉटरप्रूफ' डबी २० मीटरवर गळते. सगळे एकदम पाण्यात उतरू नका, एक जण वर राहू दे, त्याला दोन्ही गाड्या चालवता आल्या पाहिजेत, ऑक्सिजनचा मास्क लावता आला पाहिजे, आणि चाव्या त्याच्या खिशात. चाकावर किंवा बंपरखाली चावी लपवणाऱ्यांनी निदान कुठल्या चाकावर ते दोघांना सांगून ठेवावं.